दुसऱ्या दिवशीचा पाहुणा

गाडी चुकलेला माणूस आधी हातातली पिशवी खाली ठेवतो, मग गाडीच्या धुळीकडे पाहतो, आणि मग ओळखीचं कुणी आपल्याला पाहत तर नाही ना, हे पाहतो. हे निरीक्षण माझं नाही. कळमनुरीच्या एस.टी. स्टँडवर पुष्कळ वर्षं कंट्रोलर असलेल्या एका गृहस्थांचं आहे. गाड्यांच्या वेळा लिहायच्या, कंडक्टरच्या कागदावर सही करायची, गाडी लागली की माइकवरून सांगायचं, हे त्यांचं काम. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं, म्हणून मीही म्हणत असे. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल लिहायचं मी तेव्हाच ठरवलं होतं, पण माझा हात मुळात सावकाश चालतो आणि या विषयावर आणखीच सावकाश. रोज चार ओळी होतात. तरी लिहून संपवणार आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कळमनुरीच्या एका शाळेत ग्रंथपाल म्हणून लागलो. हिंगोली जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आम्ही परभणीत मोडत होतो. माझं गाव कनेरगाव नाक्यापासून चार किलोमीटर आत. आईवडील तिथं, मी इथं एका खोलीत. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की वाशिमची गाडी धरायची आणि नाक्यावर उतरायचं, असा बेत मी पहिल्याच आठवड्यात केला आणि पहिल्याच आठवड्यात माझी गाडी चुकली. मी पिशवी खाली ठेवली, धुळीकडे पाहिलं, मग आजूबाजूला पाहिलं, तर केबिनच्या खिडकीतून एक जाड भिंगांचा चष्मा माझ्याकडे पाहत होता.

"गेली," चष्मा म्हणाला. "या, बसा इथं. काय करता तुमी?"

"शाळेत ग्रंथालय सांभाळतो."

"मंग आपलं सारखंच हाय. तुमच्याकडं कुणी येत न्हाई अन् माझ्याकडं कुणी राहात न्हाई."

त्यांनी अर्धा कप चहा मागवला आणि नंतर मी शेकडो वेळा ऐकलेलं वाक्य पहिल्यांदा ऐकलं. "आता दोन तास तुमचे. असे कुणी मागून देत न्हाई."

गाडी चुकलेल्या प्रत्येकाला ते काहीतरी काम लावून देत. स्टँडमागे पाचशे पावलांवर एक जुनी बारव होती. वीस-वीस वर्षं बाजाराला येणाऱ्या माणसांनीही ती पाहिलेली नसायची, कारण त्यांची गाडी कधी चुकलेली नसायची. मामा त्यांना तिकडे पाठवत. "पायऱ्या मोजून या अन् मला सांगा," म्हणत. लोक कुरकुरत जात आणि हसत परत येत. प्रत्येकाचा आकडा वेगळा असे. मामा सगळ्यांना "बराबर" म्हणत. त्या पहिल्या शनिवारी मीही मोजल्या. बेचाळीस भरल्या. खालच्या पायरीवर एक खंड्या बसला होता, त्याच्यासाठी मी पुढचीही गाडी जवळजवळ चुकवली.

स्वतः मामांनी मात्र कधी कुणासाठी गाडी थांबवली नाही. वेळ झाली की शिट्टी. मग गेटातून कुणी ओरडत येवो, लेकरू काखेत घेऊन बाई पळत येवो. एकदा त्यांचा स्वतःचा जावई पळत आला. मामांनी शिट्टी वाजवली आणि जावयाला अर्धा कप मागवला. जावई तीन महिने बोलला नाही.

मी एकदा विचारलं, "मामा, अर्ध्या मिनिटानं काय बिघडतं?"

"पुढच्या नाक्यावर चाळीस माणसं उन्हात उभी हायत," ते म्हणाले. "हा एकटा मला दिसून राहिला, ते चाळीस दिसत न्हाईत. दिसत न्हाईत म्हणजे ते न्हाईतच काय?"

या शिस्तीची किंमत ते स्वतः मोजत. सणासुदीला, लग्नसराईत, जत्रेला स्टँडवर सगळ्यांना रजा हवी असे. मामा कधी मागत नसत. त्यामुळे नात्यागोत्यातलं एकही लग्न, एकही बारसं, तांड्यावरची एकही होळी त्यांना वेळेवर मिळाली नाही. मामा तांड्यावरचे. कळमनुरीपासून तासाभराच्या पायवाटेवर त्यांचा तांडा, तिथंच घर. अशा माणसानं एकतर कुढत बसायचं किंवा सवय करून घ्यायची. मामांनी तिसरंच काही केलं. ते दुसऱ्या दिवशी जाऊ लागले.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मांडवाचे बांबू सोडणं चालू असतं. कढया घासायला पडलेल्या असतात. नवरीची आई कोपऱ्यात पाय लांब करून बसलेली असते आणि आदल्या दिवशी जिला बोलायला सवड नव्हती अशी प्रत्येक बाई आता बोलत असते. अशा वेळी मामा पोचत. दारातल्या खांबाला टेकून बसत, पाणी मागत आणि म्हणत, "आमी न्हवतो. पयल्यापासून सांगा."

लोक सांगत. आधी एक जण, मग त्याला खोडून काढत दुसरा. जेवणात मीठ कमी पडलं, नवरदेवाची चप्पल कुणी लपवली आणि मग खरंच कशी सापडेना, मुलीच्या आत्यानं रुसवा सोडायला किती वेळ लावला. मामा शिळी बुंदी खात ऐकत. कुणी गाळलं तर "अन् मग?" एवढंच विचारत. दुपारपर्यंत सगळं लग्न पुन्हा लागे. ज्यांनी ते प्रत्यक्ष पाहिलं होतं त्यांनाही आपण काय पाहिलं ते तेव्हा कळे.

होळीचंही तसंच. दुसऱ्या दिवशी तांड्यावर सगळ्यांचे गळे बसलेले. मामा गेले की त्याच बसलेल्या गळ्यांनी त्यांच्यासाठी गाणी पुन्हा म्हणावी लागत. मी एका वर्षी त्यांच्याबरोबर होतो. त्या घोगऱ्या, फाटक्या आवाजातल्या गाण्यांना लोक मधेच थांबून हसत, पुन्हा धरत. "आदल्या दिवशी नुसता दणका असतो," मामा मला म्हणाले. "शब्द आज ऐकू येतात."

त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नात मात्र त्यांना हजर राहावंच लागलं. दिवसभर ते कावरेबावरे होऊन पाण्याची पिंपं बघत फिरत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मामींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, खांबाजवळ बसवलं आणि म्हणाले, "काल मला काय समजलं न्हाई. पयल्यापासून सांग." हे मामींनीच मला सांगितलं. सांगताना त्यांनी कपाळावर हात मारून घेतला होता, पण लग्न त्यांनी मामांना पहिल्यापासून सांगितलं होतं.

लोक थट्टा करत. 'दुसऱ्या दिवशीचे मामा' हे नाव स्टँडवरच्या फळवाल्यानं पाडलं होतं. "मामा, कालची केळी ठेवलीत तुमच्यासाठी," तो ओरडून सांगे. मामा ती घेत. मलाही हा सगळा विक्षिप्तपणा वाटे, ऐकायला मजेचा, आपल्याला लागू नसलेला.

त्यानंतरच्या एका मार्च महिन्यात, सकाळी अकराच्या सुमारास, नाक्यावरच्या एस.टी.डी. बूथवरून शाळेत फोन आला. वडील पहाटे गेले होते. निरोप इतकाच होता की लगेच निघा. साडेअकराची वाशिमची गाडी होती. मी शाळेच्या मागच्या वाटेनं पळत सुटलो. स्टँडच्या गेटात पोचलो तेव्हा गाडी वळत होती. मी हात केला. ओरडलोही असेन. केबिनमधून मामांनी माझ्याकडे पाहिलं, आणि गाडी गेली.

पुढची गाडी दोनला. मामांनी मला बाकावर बसवलं, अर्धा कप मागवला आणि म्हणाले, "आता दोन तास तुमचे, मास्तर."

मी काहीच बोललो नाही. का बोललो नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं, एवढंच उत्तर मिळतं. मी कप हातात घेतला आणि चहा प्यालो.

साडेतीनला नाक्यावर उतरलो तेव्हा ढाब्याच्या छपराखाली आमच्या गावचे एक जण उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आटपलं, सर. एक वाजता येणाऱ्या गाडीपर्यंत वाट पाहिली. त्यातून तुमी उतरला न्हाईत, मंग लोक म्हणले निरोपच पोचला नसंल. ऊन लई होतं. तुमच्या चुलतभावानं अग्नी दिला."

मी एकुलता एक. घर तिथून चार किलोमीटर. मी त्यांना मान हलवून दाखवली, गावाच्या वाटेनं थोडा चाललो, ते ढाब्यात गेल्याचं पाहिलं आणि मागे वळून हिंगोलीकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. आईसमोर उभं राहायची माझी हिंमत झाली नाही. संध्याकाळपर्यंत मी कळमनुरीत परत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी शाळा उघडायच्या आधीच ग्रंथालयात जाऊन बसलो आणि कपाटातली पुस्तकं काढून पुन्हा लावू लागलो. दहाच्या सुमारास दारात मामा उभे राहिले. केबिन सोडून ते असे कुठं गेलेले मी कधी पाहिले नव्हते. शाळेच्या शिपायानं स्टँडवर बातमी सांगितली होती, आणि मी गावाला न राहता इथं ग्रंथालयात बसलोय, हेही.

मामा आत आले, बाकावर बसले. 

"काल तुमची गाडी म्या पाहून सोडली," ते म्हणाले.

"तुम्ही काय करणार, मामा. वेळ झाली होती."

"तुमच्या पायात एकच चप्पल होती, ते मागून ध्यानात आलं. रोजचं पळणारं माणूस चप्पल सोडून पळत न्हाई. म्या एवढी वर्षं गाडी चुकलेल्यांची तोंडं पाहून राहिलो, पाय कधी पाहिले न्हाईत." त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "समजलं असतं तर थांबवली असती का, ते बी सांगता येत न्हाई मला. खोटं काहून बोलू."

मी पुस्तकं लावत राहिलो.

"चला," ते म्हणाले.

"कुठं?"

"तुमच्या गावाला. आज दुसरा दिवस हाय. तुमाला जमत न्हाई, मला जमतं."

"मला तिथं तोंड दाखवता येणार नाही, मामा."

"तोंड म्या दाखवतो. तुमी नुसता रस्ता दाखवा."

साडेअकराच्या गाडीनं आम्ही गेलो. त्या गाडीला शिट्टी दुसऱ्याच कुणी दिली. मामांनी खिडकीतून घड्याळ पाहिलं आणि "बराबर," म्हणाले. नाक्यापासून चालत जाताना ते एकदाच बोलले. "तुमच्या वडलांना म्या कधी पाह्यलं न्हाई. कसे होते?" मला सांगता येईना. अबोल होते, एवढं म्हणालो. ते कमी वाटलं, पण दुसरं काही सुचलं नाही.

घरात पाचसात माणसं होती. मी दिसताच बोलणं थांबलं. चुलतभाऊ डोक्याचे केस उतरवून बसला होता. त्यानं नजर वळवली. आई आतल्या दाराशी होती. तिनं मला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

मामा खांबाला टेकून बसले. पाणी मागितलं. पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "आमी दोघं न्हवतो. पयल्यापासून सांगा."

 मग चुलतभाऊ म्हणाला, "काय सांगायचं? पोटच्या लेकाला यायला जमलं न्हाई. नाक्यापसून परत गेला म्हणतात."

"म्हणून तर तुमाला ईचारून राहिलो," मामा शांतपणे म्हणाले. "जे आले न्हाईत त्यांना ईचारून काय समजंल?"

 मग आमच्या शेजारचे तात्या खाकरले. वडिलांचं आणि त्यांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. एक शिडी हे कारण होतं. ती वडिलांनी नेली आणि परत केली नाही, असं तात्या म्हणत. परत केली, असं वडील म्हणत.

"परवा दिवस मावळायच्या आत," तात्या म्हणाले, "हा माणूस खांद्यावर शिडी घेऊन माझ्या अंगणात. गोठ्याच्या माळ्यावर सापडली म्हणला. अन् टाकून म्हणतो कसा, ही मोडकीच होती."

"मोडकी न्हाई म्हणले," आई भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

"मी वसरीतून ऐकून राहिले होते," आई म्हणाली. तिनं तोंड फिरवलं. "'माझ्याकडं होती म्हणून टिकली,' म्हणले. मी त्यांना म्हणलं होतं, उद्या द्या, आता कुठं उचलता. न्हाई म्हणले. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून शिडी द्यायला गेले."

"सदरा घालून आला व्हय," तात्या म्हणाले. "तरीच म्या म्हणलं, कुठं लग्नाला निघाला का काय."

कुणीतरी हसलं. मग तात्या हसले. आईनं पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलू लागले, आणि मी उठून तिच्याजवळ जाऊन बसलो.

त्यानंतर दुपारभर लोक सांगत राहिले. वडिलांनी त्या संध्याकाळी तात्यांकडे चहा घेतला होता. साखर जास्त पडली म्हणून कप परत केला होता आणि मग पुन्हा मागून घेतला होता. अकरा वर्षांत तात्यांचा गोठा कसा बदलला ते हिंडून पाहिलं होतं. चुलतभावानं सांगितलं की अग्नी देताना त्याचा हात कापत होता, तेव्हा तात्यांनी मागून त्याचं मनगट धरलं. हे सांगताना त्याचा आवाज बदलला. मामा मधूनमधून "अन् मग?" म्हणत होते. अबोल म्हणून मी ज्यांना आयुष्यभर ओळखलं, ते वडील त्या अंगणात शिडी घेऊन हिंडत होते. शेजाऱ्यांनी आणलेलं पिठलं आणि भाकरी आईनं माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "कालपसून जेवला नसशील."

अग्नी मी दिला नाही. ते राहिलं ते राहिलंच, ते भरून आलं असं मी म्हणणार नाही. पण नाक्याकडे परत येताना मी मामांना वडिलांबद्दल सांगत होतो आणि ते संपत नव्हतं. त्याच वाटेवर मी ठरवलं की यापुढे आपल्या हातून जे निसटेल, त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी जायचं. लाज वाटली तरी जायचं. खांबाला टेकून बसायचं आणि विचारायचं. तेव्हापासून मी ते सोडलं नाही. माझ्या निम्म्या आनंदाच्या गोष्टी मी पाहिलेल्या नाहीत, विचारून घेतलेल्या आहेत.

पुढं हिंगोली जिल्हा झाला, माझी बदली हिंगोलीला झाली, मामा निवृत्त होऊन तांड्यावर राहायला गेले. गाठी कमी झाल्या. मग गेल्या वर्षी एका सकाळी माझ्या मोबाइलवर त्यांच्या मुलीचा फोन आला. "बाबा गेले. दुपारी चारला नेणार आहोत."

"येतो," मी म्हणालो.

गाड्या होत्या. मी स्टँडवर गेलोही. गाडी लागलेली, जागा रिकामी, आणि मी फलाटावर उभा. मामांकडे पहिल्या दिवशी कसं जायचं, हा प्रश्न मला पडला. त्या गर्दीत, त्या रडण्यात त्यांना काय सांगायचं आणि कुणाला विचारायचं? दुसरा दिवस त्यांचा होता. आज सगळे जातील, उद्या कुणी जाणार नाही. उद्या मी जाईन, त्यांच्याच रीतीनं जाईन, असं मी पक्कं ठरवलं आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गेलो. तांड्याची वाट चालून घराशी पोचलो तेव्हा अंगणात सतरंजीची घडी पडली होती. मामी दारात एकट्याच बसल्या होत्या. 

"आज आलास व्हय," त्या म्हणाल्या.

"हो, मामी."

"काल दोन गाड्या पाहिल्या तुझ्या."

मला कळलं नाही. मी तसाच उभा राहिलो.

"चारला न्यायचं होतं. जावई म्हणून राहिला, उशीर होतो, दिवस कलला. म्या म्हणलं, थांबा. त्यांनी एकदा या लेकराची गाडी सोडलीय, आज आपण थांबू. तू येतो म्हणला होतास ना? पोरं फटफटीवर सडकेला जाऊन गाडी पाहून यायची. साडेचारची पाह्यली, साडेपाचची पाह्यली. मंग उचललं."

 'येतो' एवढंच मी म्हणालो होतो. कधी, ते म्हणालो नव्हतो.

"मामी, मी मुद्दाम आज आलो," शेवटी मी म्हणालो. "त्यांच्यासारखं. काल येता येत होतं. आलो नाही."

मामींनी माझ्याकडे पाहिलं. ओढणीचं टोक तोंडाशी नेलं. मला वाटलं त्या रडत आहेत, आणि त्या रडतही होत्या, पण हसत होत्या.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "जन्मभर कुणासाठी गाडी थांबवली न्हाई या माणसानं. जावयासाठी न्हाई. अन् काल तुझ्यासाठी दीड तास अंगणात पडून राहिले. अन् तू घरी बसून राहिलास." त्यांनी डोळे पुसले. "जावई काय म्हणला म्हाईत हाय का? म्हणला, आज मला मामांचा अर्धा कप पायजे होता."

मीही हसलो. हसू आल्याची लाज वाटली, मग वाटेनाशी झाली. त्यांनी दीड तास माझी वाट पाहिली होती आणि ते माझ्या हातून निसटलं होतं. ते पाहायला मी तिथं नव्हतो. आता ते मिळण्याची एकच रीत होती.

मी चप्पल काढली. दारातल्या खांबाला, जिथं ते टेकत असत तिथं, टेकून बसलो. मामींनी तांब्या पुढे केला. पाणी प्यालो.

"मी नव्हतो, मामी," मी म्हणालो. "पहिल्यापासून सांगा."

त्यांनी ओढणी सारखी केली, पाय लांब केले आणि बांधावरच्या लिंबाकडे पाहत सुरुवात केली. "सकाळी उठले अन् म्हणले, चहा आज जरा लवकर कर..." मग त्या थांबल्या आणि मान हलवली.

"न्हाई. त्याच्या आधीपासून सांगते."